उकळीची वही

धायरीत नळाला पाणी येतं साडेपाचला,
अण्णा पावणेपाचलाच उठून बसलेले.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
बत्तीस वर्षं पहिली पाळी केलेला माणूस.

पूर्वी सासरे स्वयंपाकघरात डोकवायचे
ते चहा झाला का, एवढंच विचारायला.
आता गॅससमोर खुर्ची,
मांडीवर रेवतीची गणिताची जुनी वही,
पट्टीनं आखलेले रकाने:
तारीख. उकळी फुटली. गॅस बंद. सही.
वीस मिनिटं म्हणजे वीस.
"एकोणीसला वीस लिहिलं की स्फोट होतो," म्हणतात
आणि एकटेच हसतात.

माझ्या डब्यातून कोशिंबीर गेली, पनीर गेलं.
कॉर्नरच्या पाणीपुरीवाल्यानं
गाडीवर ताडपत्री बांधून ठेवलीय.
नीरज भाकरी शिकतोय.
पहिली नकाशासारखी झाली, दुसरीही.
"बाबा, हा कुठला देश?" रेवती विचारते,
आणि त्या देशाचा किनारा मोडून
दुधात बुडवते.

वॉर्डात ओळीनं झोपलेत
पायांचा पत्ता हरवलेले लोक.
मी फिजिओथेरपिस्ट. माझं काम सांगत राहायचं:
बोट हलवा.
नाही? बरं, हलवतोय असं मनात आणा.
तेवढंही मी व्यायामात धरते.

सात नंबरला पोकळे. एकोणतीस वर्षांचे.
टँकर चालवायचे.
घशात नळी, म्हणून पापणीवर बोलणं,
एकदा मिटली तर हो, दोनदा तर नाही.
बायको बाहेर बाकावर,
हातात पाण्याची सीलबंद बाटली, न फोडलेली.
"मॅडम, हे तर लोकांना पाणी पोचवायचे," म्हणते.
यावर काय बोलायचं ते
आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

हे माणसातून माणसाला होत नाही
हे मी जिन्यात चौदा वेळा सांगितलं.
पंधराव्यांदा केंजळेकाकूंना सांगितलं,
त्यांनी मान डोलावली
आणि लिफ्ट माझ्या एकटीसाठी सोडून दिली.

रात्री राजाराम पुलावरून घरी येताना
सिग्नलला स्कूटर थांबली
की बुटातल्या बुटात माझी बोटं हलवून पाहते.
दहाही आहेत. सिग्नल सुटतो.

एकदा घरी पोचले तर रेवती झोपलेली.
हात धुतले, पुन्हा धुतले,
आणि सवयीनं तिच्या तळव्यावर नख ओढलं.
पाय हलला नाही.
दुसरा तळवा. तोही नाही.
मग पांघरुणाखालून खुदकन आवाज आला.
मी एक धपाटा घातला तिला.
आयुष्यात पहिला.
ती रडली, मी रडले,
नीरज पिठाच्या हातांनी दारात उभा.
नंतर कितीतरी वेळ
मी तिच्या पायाची बोटं मोजत बसले होते
आणि ती, मला बरं वाटावं म्हणून,
एकेक करून हलवत होती.

एकोणिसावा दिवस, सकाळ.
"पोकळे, डावा अंगठा."
रोजच्याच आवाजात म्हणाले,
पाठ झालेलं काहीतरी म्हणावं तसं.
चादरीवर एक सुरकुती सरकली.
मी म्हटलं, परत.
परत सरकली.
पापणी एकदा.

घरी फोन लावला. नीरज कामावर, रेवती शाळेत.
अण्णांनी उचलला.
मला धड बोलता येईना.
ते म्हणाले, "आधी वेळ सांग."

संध्याकाळी वहीत पाहिलं.
उकळी फुटली: नऊ पंचवीस.
खाली, दोन रकाने ओलांडून,
नऊ चाळीस. पोकळे. डावा अंगठा.
पुढे पूर्ण नावाची सही,
पेन्शनच्या कागदावर करतात तशी.

त्या दिवशीचा 'गॅस बंद' हा रकाना
तेवढा कोरा आहे.
टोपाचा तळ कोळसा झालाय.
नीरज अजून घासतोय.